मावशी, तांडेल आणि कॉम्प्युटरमधली खाडी

नकाशा चुकीचा निघाला म्हणून वाट चुकलेली माणसं जगात पुष्कळ असतील; पण नकाशा चुकीचा निघाला म्हणून पदर खोचून त्याचे कान उपटायला निघालेली बाई एकच झाली, आणि ती माझी सख्खी मावशी आहे हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते. रोह्याच्या शाळेत तिने तीस वर्षं भूगोल शिकवला. शिकवला म्हणणं कमी पडेल. तिच्या घरात डावं-उजवं हा प्रकारच नव्हता. मीठ ईशान्येच्या फळीवर, पोळपाट दक्षिणेच्या खुंटीला, आणि आलेल्या पाहुण्याला, "जरा पश्चिमेला सरका, म्हणजे पंख्याचा वारा लागेल." माझ्या लग्नपत्रिकेत कार्यालयाचा छोटा नकाशा छापला होता. त्यात उत्तर दिशेचा बाण नव्हता आणि पेणचं स्टेशन रुळांच्या भलत्याच अंगाला जाऊन पडलं होतं. मावशीने एका बैठकीत सगळ्या पत्रिकांवर लाल पेन्सिलीने बाण काढले आणि स्टेशन जागेवर आणलं. माझ्या सासरी ती लाल खूण बराच काळ कुठलातरी कुळाचार समजली जात होती.

निवृत्त झाल्यावर तिच्या बरोबरीच्या शिक्षिका काशीला गेल्या. मावशीने होडी घेतली. एका कोळ्याची जुनी होडी डागडुजी करून, तिला लहानसं इंजिन बसवून, पांढऱ्या रंगात 'अक्षांश' असं नाव रंगवून घेतलं. मासे धरायचे नाहीत, रेती वाहायची नाही, माणसं ने-आण करायची नाही. निव्वळ हौस म्हणून कुंडलिकेच्या खाडीत भरतीबरोबर वर आणि ओहोटीबरोबर खाली जायचं, हे ऐकून रोह्यातल्या निम्म्या लोकांना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. उरलेल्या निम्म्या लोकांना तिने शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना काही नवल वाटलं नाही.

होडीबरोबर ती हाकायला धर्मा तांडेल आला. साठी कधीच ओलांडलेला, जन्म खाडीत काढलेला, काळा, काटक माणूस. मावशी त्याला "अहो तांडेल" म्हणायची, तो मावशीला "अगो बाय" म्हणायचा, आणि धक्क्यावरून दोर सुटला की दोघांचं भांडण सुरू व्हायचं. मावशी पाठ्यपुस्तकातून भरतीचं कारण सांगायची, आणि तांडेल शांतपणे म्हणायचा, "चंद्राचा काय तो तुजा तू बघ. पानी मना इचारून चढतं."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा पेणला, पोहे-पापडाच्या एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास चालवत होते. एके दिवशी मावशी रोह्याहून गाडीने थेट क्लासमध्ये आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मंजू, होडीत कॉम्प्युटर बसवायचाय. त्यात समुद्राचे नकाशे असतात म्हणे. कुठला चांगला ते आपण ठरवायचं." माझ्या मस्कतच्या भावाकडून तिने त्याचा जुना लॅपटॉप आणि उपग्रहावरून आपली जागा सांगणारं एक हातात मावेल एवढं यंत्र आधीच मागवून घेतलं होतं. म्हणजे प्रश्न फक्त सॉफ्टवेअरचा उरला होता, आणि ते निवडायची तिची पद्धत शुद्ध मास्तरकीची होती. तिने शंभर गुणांची प्रश्नपत्रिका काढली. पहिला प्रश्न, 'रोहे कोठे आहे ते दाखवा.' दुसरा, 'खाडीतील चिखल व पाणी यांतील फरक स्पष्ट करा.' तिसरा, 'आपली चूक दुरुस्त करता येते काय? सोदाहरण लिहा.'

मुंबईतल्या एका कंपनीचं पहिलं सॉफ्टवेअर फार देखणं होतं. त्यात जगातली सगळी बंदरं होती. पण आमची खाडी मुखापासून थोडी आत आली की पुढे नुसता कोरा पांढरा कागद. मावशीने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "पहिल्याच प्रश्नाला भोपळा. पण कोरा पेपर दिलाय, कॉपी केलेली नाही. प्रामाणिक आहे बिचारं."

दुसऱ्याने मात्र रोह्यापर्यंत खाडी निळीशार रंगवली होती, जागोजाग खोलीचे आकडेसुद्धा टाकले होते. ते घेऊन कंपनीचा एक टायवाला प्रतिनिधी स्वतः आला होता. मावशीने त्याला होडीत बसवलं. मीही होते. ट्रॅक्टरची बॅटरी, तिच्यावर घुमणारा इन्व्हर्टर, लॅपटॉपवर उन्हासाठी धरलेली छत्री, असा आमचा सरंजाम निघाला. ओहोटी लागली होती. एका वळणावर तांडेल सुकाण डावीकडे घेऊ लागला, तसा प्रतिनिधी म्हणाला, "सरळ चला ना, इथे भरपूर पाणी दाखवतंय."

"चिखल हाय तितं," तांडेल म्हणाला.

मावशीने हात वर केला. "तांडेल, आज परीक्षा त्याची आहे. मध्ये उत्तर सांगायचं नाही. सरळ घ्या."

तांडेलाने सरळ घेतलं. दोनशे हातांवर होडी अशी अलगद थांबली की प्रतिनिधी पडद्याकडे बघत बोलतच राहिला. आजूबाजूचं पाणी बघता बघता निघून गेलं आणि आम्ही चौघं चिखलाच्या एका अफाट ताटात मधोमध वाढल्यासारखे बसलो. पुन्हा भरती येईपर्यंत तसंच बसायचं होतं. मावशीने डबा उघडला. प्रतिनिधीने टाय काढला, मग बूट काढले, आणि तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी पोटात गेल्यावर म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? आमच्यातलं कोणी इकडे कधी आलंच नाही. दोन्ही काठ बघून मधले आकडे अंदाजाने भरलेत." मावशीने त्याला आणखी एक भाकरी वाढली. नापास मुलाशी ती नेहमीच जास्त मायेने वागायची.

त्या सक्तीच्या बैठकीतच मला एक गोष्ट दिसली. मी तांडेलासमोर पाण्याचा पेला धरला होता आणि त्याचा हात पेल्याच्या बाजूने हवेत फिरत होता. मावशीने माझ्या हातातून पेला घेतला आणि त्याच्या बोटांत दिला. तांडेल पाणी प्यायला आणि तोंड फिरवून बसला.

घरी परतल्यावर मी विचारलं. "काचबिंदू," ती म्हणाली. "अलिबागच्या डॉक्टरांकडे मीच नेलं होतं. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. कडेचं दिसतच नाही त्याला, समोरचंही धूसर व्हायला लागलंय. मुलं म्हणतात, आता ओटीवर बसा. अगं, त्या माणसाच्या डोक्यात सगळी खाडी आहे, आणि ती कुठेच लिहिलेली नाही. तो बसला तर ती जाईल आणि त्याच्याआधी तो जाईल." मग म्हणाली, "मला सुंदर सॉफ्टवेअर नकोय. ऐकून घेणारं हवंय."

तिसरं सॉफ्टवेअर अगदीच दरिद्री दिसायचं. दोन फ्लॉपींत मावणारं, राखाडी, किरकिरं. पण त्यात आपण स्वतः बिंदू टाकू शकत होतो, खोली लिहू शकत होतो, नाव देऊ शकत होतो, आणि चुकलं तर पुसून पुन्हा लिहू शकत होतो. मावशीने त्याला शंभरपैकी बासष्ट गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं, 'विद्यार्थी सामान्य, पण शिकण्याची तयारी आहे.'

पुढचे दोन हंगाम ती दोघं खाडी लिहीत होती. तांडेल शिसं बांधलेला दोर सोडायचा, तळ लागला की पसरलेल्या दोन हातांच्या मापाने वाव मोजायचा, खालची चिकटून आलेली माती बोटांनी चोळायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "रेती. म्होरं शिंपले लागतील." ते लागायचेच. मावशी वहीत टिपायची आणि दर रविवारी मी रोह्याला जाऊन सगळं कॉम्प्युटरमध्ये चढवायचे. सॉफ्टवेअरला देवनागरी येत नव्हती, म्हणून 'म्हातारीचा उंबरा' आणि 'दोघा भावांची दांडी' ही पाण्याखालच्या उंचवट्यांची तांडेलाच्या तोंडची नावं इंग्रजी अक्षरांत घालावी लागली, याचं मावशीला कोण दुःख! शिवाय तेव्हाचे उपग्रहही जागा सांगताना पाचपन्नास हात इकडेतिकडे करायचे. एकदा पडद्यावर आमची होडी सरळ काठावरच्या शेतात शिरली. मी ते सांगितल्यावर तांडेल पोट धरून हसला. "भात लावून ये म्हनावं!" मग होडीची जागा दर वळणावर त्याला विचारून हाताने दुरुस्त करायची, अशी रीत पडली. यंत्र चुकायचं, तांडेल सांगायचा, मावशी सुधारायची. शाळेत असताना तिला असा वर्ग कधी मिळाला नसेल.

आणि मग जानेवारीतली ती सकाळ आली. आम्ही खाडीच्या खालच्या अंगाला होतो आणि धुकं असं उतरलं की होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोकसुद्धा, दिसेना. मी घाबरले. मावशीने पदर खोचला, लॅपटॉप मांडीवर घेतला. "तांडेल, उंबरा मागे पडला. पुढे अडीच वाव, मग दक्षिणेला वळण."

"दोर सोड गो पोरी," तांडेल मला म्हणाला. मी दोर सोडला आणि ओली माती त्याच्या हातावर ठेवली. "शिंपले. बराबर हाय बाय, बोल पुढचा."

ती वाचत होती, तो वळवत होता. त्या धुक्यात आम्ही सगळेच आंधळे होतो. सवय फक्त त्यालाच होती. मागून हाका आल्या. रेतीच्या होड्या धुक्यात अडकल्या होत्या. आमच्या इंजिनाच्या आवाजामागे एक आली, दुसरी आली, तिसरी आली. असा आमचा ताफा, पुढे एक निवृत्त बाई आणि एक नजर गेलेला तांडेल, एकाही दांडीला न टेकता रोह्याच्या धक्क्याला लागला. तिसऱ्या होडीवर तांडेलाचा थोरला मुलगा होता. तो उडी मारून आला, बापाच्या हातातून दोर घेतला आणि खुंटाला बांधला. ओटीवर बसा असं त्यानंतर त्याने कधी म्हटलं नाही. धक्क्यावर मावशी एवढंच म्हणाली, "सगळे पास."

तांडेलाने त्यानंतर आणखी तीन हंगाम सुकाण धरलं. चौथ्या वर्षी पावसाळ्यात तो गेला. मावशीने होडी त्याच्या मुलाला देऊन टाकली, आणि गुडघे कुरकुरू लागल्यावर ती आमच्याकडे पेणला राहायला आली. नकाशाचा एक मोठा छापील कागद तेवढा बरोबर आणला. तो तिच्या खोलीत, अर्थातच उत्तर वर करून, भिंतीवर लावलेला आहे. परवा त्याच्यावरची धूळ पुसताना मला दिसलं की मुखापाशी एक वळण मोकळंच आहे. ना आकडा, ना नाव. मी म्हटलं, "मावशी, हे भरायचं राहिलं वाटतं. अंदाजाने काही घालू का?"

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"नको," ती म्हणाली. "पुढच्या उधाणाला तिथं जाऊ, तांडेल म्हणाला होता."