मागचं सुटतंय

आमच्या ह्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ स्प्रिंगमध्ये असतं. शाळेची बस चालवण्यात जन्म गेला. खड्ड्यातून जाताना स्प्रिंगचा कुठला पाटा कुरकुरला ते आवाजावरून सांगतील, पण घरातली साखर संपली हे मी घसा खरवडून सांगितलं तरी ऐकू येणार नाही. त्यात रिमोटवरच्या मोटारीचं वेड. रविवारी बसच्या रिकाम्या आवारात चार ड्रायव्हर जमतात, वीतभर गाड्या पळवतात आणि केस पिकलेले हे बाप्ये एकेका वळणावरून हमरीतुमरीवर येतात.

ह्यांची गाडी बहुतेक पहिली यायची. यंदा मात्र बिनसलं. वळणावर तिचा मागचा भाग बाहेर फेकला जाई आणि सरळ रस्त्यावर, अगदी सावकाश चालवली तरी, ती शेपूट हलवत जाई. "मागचं सुटतंय," हे म्हणायचे. मग माझ्या शिलाई मशीनशेजारी गाडी उताणी पडली. मागच्या स्प्रिंगा काढून मऊ घातल्या. धक्के झेलणाऱ्या शॉकअपमधलं तेल काढून जाड तेल भरलं. शॉकअप ज्या पट्टीला अडकवतात तिला नवीन भोक पाडून ते आत झुकवले. पुढच्या रविवारी गाडीचं पुन्हा तेच. घरी येऊन माझ्यावर डाफरायचे, जणू स्प्रिंग मीच उसवली होती.

काय सुटतंय ते मला ठाऊक होतं. मी शिवणकाम करणारी बाई, माझं लक्ष आधी माणसाच्या हाताकडे जातं. ह्यांच्या हातात कपबशी वाजायला लागली होती. शर्टाची बटणं लावताना चिडचिड व्हायची, म्हणून मी एक अक्षर न बोलता सगळ्या शर्टांना आतून टिचबटणं लावून दिली. "नवी फॅशन वाटतं!" म्हणाले आणि खूश झाले. मी मात्र धास्तावले होते. बसचं स्टेअरिंग मोठं आणि जड, दोन्ही हातांनी घट्ट धरलं की थरथर त्यात जिरून जाते. रिमोटची काडी एका अंगठ्याने हलवायची, तिच्यात काही लपत नाही. आणि बसमध्ये ह्यांच्या मागे लोकांची पोरं बसलेली असतात. रोज सकाळी सांगायचं ठरवायचं, आणि ह्यांनी ऐटीत किल्ली उचलली की कच खायची.

त्या रविवारी बाकीचे कुणी फिरकले नाहीत, म्हणून मला धरून नेलं. "वळणापाशी बस आणि मागचं आतलं चाक उचलतं का बघ."

मी बघितलं. "मला काही कळत नाही बाई."

"तुला काय कळणार! हे धर. तू चालव, मी बघतो." रिमोट माझ्या हातात कोंबून हे वळणाशी जाऊन उकिडवे बसले.

मी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. भीत भीत काडी ढकलली. गाडी सरळ निघाली, मुकाट्याने वळली आणि माझ्या पायाशी येऊन थांबली. शेपूट जराही हललं नाही.

हे तिथूनच माझ्याकडे बघत होते. "पुन्हा सोड," म्हणाले. "जोरात."

या खेपेला मी मुद्दाम काडी इकडेतिकडे हलवली. गाडी भेलकांडली, गर्रकन फिरली आणि उलटली. "बघा!" मी ओरडले. "माझ्या हातूनही सुटतंय. स्प्रिंगच भिकार आहे!"

ह्यांनी गाडी उचलली, मागची चाकं दाबून बघितली. "पहिल्यांदा तू चालवलीस," हे म्हणाले. "दुसऱ्यांदा माझी नक्कल केलीस."

मला रडूच फुटलं.

"कधीपासून माहितेय तुला?"

"बटणांपासून."

हे शर्टाकडे बघत राहिले आणि मग एकदम भडकले. "आणि रोज मला बसवर पाठवत होतीस? मागे पोरं बसवून?"

"हात तुमचा आहे!" मीही आवाज चढवला. "तुम्हाला नव्हतं कळत?"

आवारात आम्ही दोघंच होतो म्हणून बरं. ह्यांनी गाडी खाली ठेवली. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "मालकांना लाव. मला ती बटणं नीट दाबता येत नाहीत आताशा."

म्हणजे ह्यांनाही कळत होतं. मी फोन लावून दिला. मालकांना वाटलं, बस बिघडली.

"नाही नाही, बस उत्तम आहे," हे म्हणाले. "बसला काही झालेलं नाही." पुढचं बोलवेना. तोंड उघडायचे आणि मिटायचे. तिकडून मालक हॅलो हॅलो करत होते.

मी फोन घेतला आणि सांगितलं, ह्यांचा हात थरथरतो, उद्यापासून बसवर दुसरा माणूस बघा. हे शेजारी उभे राहून माझ्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होते.