‘कमिशन’चा भरे गावातला अर्थ

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गौतमी भरे गावातल्या घरी लॅपटॉपवर रफार दुरुस्त करत होती. मजकूर पौडच्या डीटीपीवाल्याने जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला. तो ई-पुस्तकात आणला की ‘वर्ष’चा रफार भलत्याच अक्षरावर बसतो. पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनासाठी ती हे काम करते. आठपासून पिरंगुटच्या कंपनीत पॅकिंग तपासते.

पुस्तक तिच्या आत्याचं. आक्काबाईंनी चाळीस वर्षं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. त्यांच्या आठवणी गौतमीने लिहून घेतल्या. पहिला भाग गेल्या महिन्यात निघाला, दुसरा आता तयार होतोय. आक्काबाईंची अट एकच होती: किंमत पन्नास रुपये, म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या बायांना घेता येईल.

प्रकाशनाच्या वेबसाइटवर पन्नासच आहे. त्यांच्याच मोबाइल ॲपमध्ये बहात्तर. ॲप स्टोअर प्रत्येक विक्रीतले तीस टक्के कापतं; कापून पन्नास उरावेत म्हणून प्रकाशक मनीष यांनी किंमत वाढवली. वेबसाइटवर स्वस्त मिळतं, असं ॲपमध्ये लिहायला त्या स्टोअरची मनाई.

ॲपमध्ये बहात्तर का, असं विहारात बायांनी विचारलं, तेव्हा गौतमीने एका शब्दात सांगितलं: कमिशन. तिथेच चुकलं. इकडे कमिशन म्हणजे जमिनीच्या व्यवहारात एजंट खातो ते. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या प्रदीपने हाक मारली, “काय गौतमी, एखादा प्लॉट दाखव की!”

आज आक्काबाईच दारात आल्या.

“पन्नास म्हणली व्हतीस ना?”

“आत्या, वरचं बावीस मला न्हाई मिळत. मोबाइलवाले घेत्यात.”

“मोबाइल इकला तवा घेतलं की पैसं. माझ्या खडीत त्यांचं काय?”

“त्यांच्या दुकानातनं इकतोय आपण.”

“मंग काढ तितनं. न्हाईतर दुसऱ्या भागावर सही करायची न्हाई मी. बाया माझ्या तोंडाकडं बघत्यात.”

गौतमीने मनीष यांना फोन लावला.

“सत्तावन्न प्रती गेल्या, त्यातल्या एक्कावन्न ॲपवरून,” ते म्हणाले. “काढलं तर पुस्तक शोधणार कोण? आत्यांना समजवा.”

“सर, त्यांना समजलंय. पटलेलं नाही.”

“मग तसं लेखी पाठवा, काढतो.”

फोन ठेवून तिने मनीष यांना पुस्तक ॲपमधून काढण्याचा मेल पाठवला. उद्या, बुधवारी सकाळी दहाला ते ॲपवरून उतरेल. तेव्हा गौतमी पॅकिंग लाइनवर असेल. तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो; पुस्तक उतरलेलं तिला सुट्टी झाल्यावरच दिसेल.