आप्पांचा न हसलेला फोटो

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा. कारण मी जो घोळ घातलाय ना, तो आमच्या इंदिरानगरात अजून चवीचवीने सांगतात, आणि तोही माझ्यादेखत!

मला जुन्या कॅमेऱ्यांचं वेड. वेड हा माझा शब्द, बायको मंजू सरळ आजार म्हणते. खिशात मोबाइल असताना हा माणूस गळ्यात विटेएवढा कॅमेरा अडकवून गल्लीत हिंडतो, रोल विकत आणतो, पुण्याला धुवायला पाठवतो, आणि पंधरा दिवसांनी कळतं की फोटोत नुसतं धुकं! पण मी ऐकतोय थोडाच? इस्त्रीवाला झाला, भाजीची गाडी झाली, कुंपणावरची मांजर झाली. राहिले होते फक्त शेजारचे आप्पा.

आप्पा मूळचे नामपूरचे. जन्मभर कांद्याचा व्यापार केला, आता मुलाकडे राहतात. हा माणूस सारखा हसतो. हाक मारताना हसतो, भांडतानाही हसतो! मध्यंतरी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांच्या बायकोच्या, आमच्या माईंच्या, तोंडचं पाणी पळालं होतं. आप्पा सुखरूप घरी आले. पुढच्या महिन्यात त्यांची पंच्याहत्तरी होती.

माई मला म्हणाल्या, "भाऊ, ह्यांचा एक छान फोटो काढून द्या ना. हॉलमध्ये लावायचाय. हे घरी परत आलेत, ते मला येता-जाता दिसू दे."

आता एवढं म्हटल्यावर मी जीव ओतणार नाही का? मुद्दाम ब्लॅक अँड व्हाइट रोल भरला. पण व्हरांड्यात उजेड कमी आणि माझा कॅमेरा म्हातारा. आप्पांना खुर्चीत बसवून बजावलं, "आप्पा, हलायचं नाही. हसायचं तर अजिबात नाही. जरा हललात की फोटो गेला."

"आरे भो, हसू नको तं मंग करू काय?"

"काहीच करू नका! समोर बघा. श्वास धरा."

खटॅक! आणि फोटो असा आला म्हणून सांगू! एकेक सुरकुती मोजून घ्या. चेहरा गंभीर, नजर लांब कुठेतरी लागलेली. आप्पांचा आयुष्यातला पहिला न हसलेला फोटो, आणि तो काढणारा मी!

मोठी प्रिंट काढून फ्रेमवाल्याकडे गेलो. फोटो बघताच त्याने रेडिओ बंद केला. फोटोला चक्क हात जोडले! मी मनात म्हटलं, वा, याला म्हणतात कलेची कदर.

"आपले कोण?" त्याने हळूच विचारलं.

"शेजारी. पण अगदी वडिलांसारखे."

"फार शांत चेहरा आहे. कधीपर्यंत पाहिजे?"

"रविवारी सगळे नातेवाईक जमतायत. त्याआधी द्या."

"काळजीच करू नका साहेब. मी सगळं नीट करून देतो."

सगळं म्हणजे काय, हे विचारायला नको होतं का मी? पण मी होतो हवेत!

रविवारी पार्सल तयार. खाकी कागद, वरून सुतळी. उघडून बघावं? छे! सगळ्यांसमोर उघडण्यातच तर मजा. आप्पांचं औक्षण झालं, हॉल गच्च भरलेला. मी घसा खाकरून छोटंसं भाषणही ठोकलं आणि पार्सल माईंच्या हातात दिलं.

माईंनी कागद फाडला.

काळी फ्रेम. आत गंभीर आप्पा. फ्रेमला चंदनाचा हार! आणि खाली चिमुकला लाल बल्ब, वायरसकट!

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. माईंचे डोळे भरले. मला दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माई आठवल्या आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माई, अहो मी... तो फ्रेमवाला..."

तेवढ्यात आप्पा उठले. चष्मा वर करून फोटो नीट न्याहाळला. मग हार काढला आणि स्वतःच्याच गळ्यात घातला.

"आरे भो, मी आजून जित्ता शे!" ते म्हणाले. "हा फोटोतला गेला असंल तं जाऊ दे. मला तरी कुठं ओळखू येतोय तो?"

आणि जे हसत सुटले! माईंनी डोळे पुसता पुसता त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याही हसायला लागल्या. मी गडबडीत गळ्यातला कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं.

तो फोटो पार हललाय. आप्पांना दोन तोंडं दिसतात, माईंचा हात तर दिसतच नाही. मी कुणाला दाखवायलासुद्धा तयार नव्हतो. पण माईंनी हातातून ओढून घेतला. "हाच लावायचा. हेच आमचे हे!" आता त्यांच्या हॉलमध्ये तोच आहे, आणि खरं सांगू, तिथून जाताना मलाही फार बरं वाटतं.

हार आप्पांनी मला परत दिला. "तुझ्या कॅमेऱ्याला घाल," म्हणाले. आप्पांचा शब्द मोडणार कसा? घातला, आणि कॅमेरा शोकेसमध्ये ठेवला.

परवा मंजूची मावशी आली. शोकेससमोर थबकली. "अगं बाई, गेला का गं कॅमेरा?"

मंजू चहा ओतत म्हणाली, "कॅमेरा धडधाकट आहे मावशी. यांची अक्कल गेली. तिचा फोटो नव्हता, म्हणून हार तिथे घातलाय!"