दोन घरे चालणारे प्यादे

सिल्वासातल्या आमच्या सरकारी वसाहतीत बुद्धिबळ देशी नियमांनीच खेळले जाई. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरके. दहावीत असताना वाचनालयातल्या एका मासिकात मला एका जर्मन ग्रँडमास्टरवरचा लेख सापडला. तो पेशाने डॉक्टर होता आणि रुग्णालय सांभाळून स्पर्धा खेळे. सोबतच्या डावात प्यादे एकदम दोन घरे गेलेले पाहून मला ती छपाईची चूक वाटली. खेळाच्या शिक्षकांनी खुलासा केला की हाच आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि शाळेच्या संघाची निवडही त्यानेच होईल. मला त्या संघात जायचेच होते, पण सरावाला घरात फक्त बाबा होते.

“प्याद्याला एवढी घाई कसली?” ते म्हणाले. “आणि दहावीचं काय?”

“तो जर्मन डॉक्टर होऊनही खेळलाच ना, बाबा?”

“आधी डॉक्टर झाला की आधी ग्रँडमास्टर?”

“ते लेखात दिलेलं नाही.”

बाबा हसले. “खोटं बोलली असतीस तर पट गुंडाळला असता. गणित संपव, मग मांड.”

महिन्याभराने माझी संघात निवड झाली. बाबांना मात्र नव्या नियमांची इतकी गोडी लागली, की कचेरीतल्या मित्रांशी त्यांचे रोज वाद होऊ लागले.