पेटीसाठी घेतलेलं चाक

सौसरच्या हिरामणचा गळा गोड आणि देह चांगलाच भारदस्त. तो बसला की सायकल कुरकुरायची. त्यात कॅरियरवर वळकटी आणि वारलेल्या बापाची हार्मोनियम. भीमजयंतीच्या दिवसांत ही वरात गाणी म्हणत गावोगाव फिरे, आणि वाटेत मागच्या चाकाच्या तारा हमखास तुटत. एकदा तर पेटी पडता पडता वाचली. ती फुटली तर बापाची एवढी एकच खूण जाणार होती.

पंच्याऐंशी साली त्याच्या बायकोने, सुमनने, आपली लाडकी बकरी विकली. म्हणाली, "मजबूत चाक घ्या. पेटीले धक्का नाई लागला पायजे."

आता चाक घ्यायचं, पण कोणतं? इथेच गडी गोंधळला. सायकलवाला शालिकराम म्हणे, जाड तारा टाका. साळा सुधाकर म्हणे, तारांत काय ठेवलंय, रिम भारी पाहिजे. पांढुर्ण्याचा दूधवाला म्हणे, टायर रुंद असला की झालं. चहाच्या टपरीवर एकाने तर हिरामणच्या पोटाकडे बघून निराळाच उपाय सुचवला.

"कोणाचं ऐकू अन् कोणाचं नाई? मले त काईच समजून नाई राहिलं," हिरामण म्हणाला. शेवटी वैतागून त्याने सगळ्यांचंच ऐकलं. भारी रिम, जाड तारा, रुंद टायर.

चाक असं झकास झालं की त्यावर ओझं टाकायला त्याचा जीव होईना. बकरीचं चाक ते! रामाकोन्याच्या जयंतीत गायला निघताना तो अंगणात डोकं खाजवत बसला. मागे आपण तर बसणारच, वर पेटीचा भार कशाला? त्याने पेटी आणि वळकटी पुढे हँडलला बांधली. स्वतःच्या डोक्याचं त्याला कौतुकच वाटलं.

सोबतचा ढोलकीवाला मनोहर म्हणाला, "दादा, पुढचं चाक त जुनंच हाय ना?"

"त्याच्यावर मी कुठी बसून राहिलो?" हिरामणने त्याला उडवून लावलं.

रामाकोन्याच्या उतारावर पुढचं चाक दुमडलं. हिरामण एकीकडे आणि पेटी दगडावर. मनोहरने धावत जाऊन ती उचलली, भाता हलवत पट्ट्या दाबून पाहिल्या. सूर आलाच नाही, नुसती हवा निघाली.

हिरामणला रडू कोसळलं. गावात लोक खोळंबले होते, घरी सुमन होती. तिला काय सांगायचं? आडव्या पडलेल्या सायकलचं मागचं चाक अजून गरगर फिरत होतं, एकही तार न तुटता.