आत्यानं जिंकलेली गावं

आमच्या आत्यानं अर्धा नागपूर जिल्हा जिंकला होता, तोही शेकोटीपुढे पाय पसरून. पारशिवनीजवळच्या आमच्या खेड्यात थंडी पडली की जेवणाआधी कोड्यांचा डाव बसायचा. उत्तर आलं नाही की हारणाऱ्यानं एक गाव द्यायचं, मगच उत्तर कळायचं. कोडं चुकीचं घातलं तरी दंड तोच.

"हारली काय वं? मंग गाव दे!" आत्या असा हात पुढे करायची, जसा काही सातबाराच घेणार आहे. कळमेश्वर तर मी तिला किती वेळा देऊन बसले! एकदा चिडून म्हटलं, "घे, आपलंच गाव घे." ती उखडलीच. "आपलं गाव देऊ नोको. रातच्याले झोपशीन कुठं?" स्वतः मात्र तिनं कधी कोणाला गाव दिलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर तिला लकवा मारला आणि वाचा गेली. मी तिला नागपूरला माझ्या घरी आणलं. "बोलतील की नाही, सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. म्हटलं, बघूच! ही बाई गप्प पडून राहणार, हे मला सहनच होत नव्हतं. रोज दिवेलागणीला तिच्याच कोड्यांनी तिला छळायला लागले. "हारली काय आत्या? दे गाव!" ती डोळे वटारून मान हलवायची. नाही म्हणजे नाही. मीही हटले नाही. स्वयंपाकघरात जाऊन रडून यायचे आणि पुढचं कोडं घालायचे.

पौषातल्या एका संध्याकाळी ऑफिसातून दमून आले आणि तिचं लाडकं, हरभऱ्याच्या दोन दाण्यांच्या घाट्याचं कोडं घातलं. "पिवळी झोळी, झोळीत जुळी, झोळी जळाली, जुळी पळाली."

आत्याच्या कपाळाला आठी पडली. ओठ थरथरले.

"हि... हिर... हिरवी."

दमल्या नादात मी 'हिरवी'च्या जागी 'पिवळी' म्हटलं होतं. खरंच की! हुळा भाजतात तो हिरव्या घाट्यांचा. वाळलेला पिवळा घाटा शेकोटीत कोण घालतं? तोवर तिचा धड असलेला हात पुढे आला होता.

"गाव... दे."

"घे आत्या, आपलंच गाव घे!" मी रडत म्हणाले.

तिनं हात झटकन मागे घेतला. "ते... नोको. कळमेश्वर."

त्या हिवाळ्यात अडखळत अडखळत तिनं सगळी गावं पुन्हा जिंकली. उन्हाळ्यात ती गेली. आमचं गाव तेवढं अजून माझ्याकडे आहे.