अख्खा एपिसोड तांदूळ निवडणारी बाई

हिरी मेली, आणि सिरीयलमधली बाई बोलायला लागली.

उलटं व्हायला पाहिजे होतं.

हिरी म्हणजे माझी धाकटी जाऊ. पनवेलजवळ विचुंब्यात आमच्या घराच्या जागी बिल्डिंग झाली तेव्हा दोघा भावांना समोरासमोर फ्लॅट मिळाले. भाऊ गेले. आम्ही दोघी उरलो. दारं दोन, पण दिवसभर उघडी.

संध्याकाळी तिच्या घरात तिचा टीव्ही, माझ्या घरात माझा. सिरीयल एकच. ब्रेक लागला की दोघी आपापल्या उंबऱ्यावर.

भांडायला.

ही नवीन सिरीयल तुमच्यातल्या निम्म्यांनी डोक्यावर घेतली असेल, निम्म्यांनी शिव्या घातल्या असतील. त्यात कोणी बोलतच नाही. टोमणा नाही, ढगांचा गडगडाट नाही, एकाच तोंडावर तीन-तीनदा कॅमेरा आपटणं नाही.

बाई चहा ठेवते. चहा उकळतो. आपण बघत बसायचं.

बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. वरच्या मजल्यावरची एक सून लिहायची, "किती रिअल लिहिलंय!"

खालच्या वत्सलाने उत्तर टाकलं, "रिअल बघायचंय तर माझ्या किचनमध्ये ये. येताना भांडी पण घास."

मी वत्सलाच्या पार्टीत. हिरी त्या सुनेच्या पार्टीत.

हिरी! पनवेलच्या मच्छी मार्केटात जिचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा, तिला मुक्यांची सिरीयल आवडली.

"हिरे, लिहिणाऱ्याची शाई संपली काय गो?"

"बाय, तुमी नुसतं कानानं बघता."

"मग काय नाकानं बघू?"

असं रोज.

मग तो एपिसोड आला. फोन वाजतो. बाईला कळतं की मुलगा अपघातात गेला. ती फोन ठेवते, सूप घेते आणि तांदूळ निवडायला बसते. रडणं नाही, डायलॉग नाही. अख्खा एपिसोड तांदूळ.

मी ब्रेकमध्ये उंबऱ्यावर गेले. तोंडात वाक्य तयार होतं, "एवढे निवडले तर शेवटी कुकर तरी लावायचा!"

हिरी आलीच नाही बाहेर.

एपिसोड संपल्यावर मीच आत गेले. ही टीव्हीसमोर बसलेली, डोळे लाल.

"काय झालं गो?"

"काय नाय."

"काय दिसलं तुला त्यात? मला नाय कळलं. खरंच सांग."

"उद्या सांगते बाय. भात लावायचा हाय."

हिरीचा थोरला मुलगा पाच-सहा वर्षांचा असताना तापाने गेला होता. आम्ही तेव्हा एकाच घरात, एकाच चुलीवर. त्याचं नाव तिने परत कधी घेतलं नाही, मीही काढलं नाही. आमच्यात असं विचारत नाहीत. तो दिवस तिने कसा काढला, मला माहीत नाही. मी त्याच घरात होते तरी माहीत नाही.

म्हणून मला ते "उद्या" पाहिजे होतं.

सकाळी तिचं दार उघडलं नाही.

स्ट्रोक. खांदा कॉलनीतल्या दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही बोलत राहा, त्यांना ऐकू येत असेल."

मी बोलले. ग्रुपवरची सगळी भांडणं सांगितली. सिरीयलला शिव्या दिल्या, मुद्दाम, हिला राग यावा म्हणून. आयुष्यभर हिला गप्प बस म्हटलं, आणि आता एक शब्द निघावा म्हणून बडबडत होते.

शब्द निघाला नाही.

डावा हात तेवढा हलायचा. चादरीवर. दोन बोटांनी काहीतरी उचलायची, बाजूला टाकायची. परत उचलायची, बाजूला टाकायची.

मी नर्सला बोलावलं. ती म्हणाली, "शेवटी शेवटी पेशंट असं करतात आजी. त्यात काही नसतं."

नसेल. ती शिकलेली आहे.

मी त्या बोटांकडे बघत बसले. आवाज नाही, काही नाही. अख्खा एपिसोड.

सांगत होती का मला? की नुसताच आजार? आता कोणाला विचारू?

मग सुतक. दोन्ही घरांना एकच. टीव्हीवर कपडा टाकला. नात म्हणाली, "आजी, मोबाईलवर बघ ना, मोबाईलला सुतक नसतं."

म्हटलं, "मोबाईलला नसेल. मला हाय."

काल कार्य झालं. हिरीची लेक घर आवरून, कुलूप लावून खारघरला गेली. संध्याकाळी मी कपडा काढला.

तर सिरीयल बदललेली! ग्रुपवर कळलं, लोकांनी फार तक्रारी केल्या म्हणून लिहिणारा बदलला. आता सगळे बोलतात. सासू बोलते, सून बोलते, ढगसुद्धा बोलतात. वत्सलाने नाचणाऱ्या बाईचं चित्र टाकलं, "आपण जिंकलो!"

ब्रेक लागला. मी सवयीने उठले, उंबऱ्यावर गेले.

समोर कुलूप.

परत येऊन बसले. ती बाई शेजारणीचा हात धरून रडत होती. मागे वाजंत्री जोरात. म्हणाली, "त्या दिवशी मी तांदूळ का निवडत बसले होते, सांगू तुला?"

मी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

हिरे, मला तिच्याकडून नको होतं. तू सांगणार होतीस.

दवाखान्यात सांगितलंस असशील, तर मला नाय कळलं गो. नसशील सांगितलंस, तर आता काय करू, तेही कळत नाय.

आमच्यात थोरली धाकटीच्या पाया पडत नाय. आज पडते.

एकदाच. परत मागू नकोस.

जा बाय. सांभाळून जा.